रहस्यकथेतला हरवलेला दाखला

दिवाळीच्या फराळाला जशी चकली हवी, तशी दिवाळी अंकाला एखादी रहस्यकथा हवी, अशी मराठी घराची जुनी समजूत आहे आणि ती मला पटते. नवा अंक प्रथम कोणाच्या हाती जावयाचा यावरून भावंडांत जे भांडण होते, ते काही कवितांसाठी होत नाही. तेव्हा रहस्यकथेकडे नाक मुरडून पाहणाऱ्या टीकाकारांच्या पंगतीत मी बसणार नाही. मी हा वाङ्मयप्रकार आवडीने वाचतो, आणि आवडीने वाचतो म्हणूनच त्याच्याविषयी माझी एक तक्रार आहे.

तक्रार अशी की, आमच्या रहस्यकथेत प्रेत असते, परंतु मृत्यूचा दाखला नसतो. दिवाणखान्यात कोणी तरी पडलेला असतो. गुप्तहेर येतो, वाकून पाहतो, मृताचे ओठ निळे पडले आहेत असे म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात ‘विष!’ असा निर्णय देऊन मोकळा होतो. कोणते विष, ते पोटात सापडले की नाही, ते कोणी तपासले, तपासावयास किती दिवस लागले, याविषयी लेखक अवाक्षर काढीत नाही. इन्स्पेक्टर असतो, तो बहुधा मंदबुद्धी असतो. नोकर असतो, तो घाबरलेला असतो. पुतण्या असतो, तो कर्जबाजारी असतो. डॉक्टर मात्र ‘पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट आला’ या तीन शब्दांत येतो आणि तेवढ्यातच जातो.

हा दोष केवळ तपशिलाचा असता, तर त्यासाठी मी संपादकांची पाने अडवली नसती. परंतु माणूस कशाने मेला हे विचारणारी जी सरकारी यंत्रणा आहे, तिचे काम आपल्या गोष्टींतून गळाले आहे, आणि कदाचित त्यामुळेच ते आपल्या मनांतूनही गळाले आहे. वास्तविक हा एकच प्रश्न दोन खात्यांना हवा असतो. पोलिसांना तो गुन्हेगार सापडावा म्हणून हवा असतो. आरोग्यखात्याला तो पुढचा माणूस मरू नये म्हणून हवा असतो. उत्तर चुकले की दोघांचीही वाट चुकते.

मराठी रहस्यकथेचा विषय निघाला की बाबूराव अर्नाळकरांचे नाव घ्यावेच लागते. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकाने महाराष्ट्राला वाचनाची चटक लावली, हे ऋण मान्य केल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. त्यांच्या आधी गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या आधाराने अद्भुताची गोडी लावली होती. अर्नाळकरांनी ती मुंबईच्या डांबरी रस्त्यावर आणली. त्यांचा झुंजार काय किंवा काळा पहाड काय, दोघेही वाचकाला श्वास घ्यावयास उसंत देत नाहीत. पण ही धावपळ ज्या मुंबईत चालली होती, त्याच मुंबईत कॉरोनर नावाचा एक अधिकारी बसत असे. १८७१ च्या कायद्याखाली चालणाऱ्या या अधिकाऱ्याचे काम एवढेच, की संशयास्पद मृत्यू झाला तर तो कसा झाला हे ठरवावयाचे. १९९९ मध्ये महाराष्ट्राने हे पद बंद केले. ते असेपर्यंत आमच्या एकाही लाडक्या नायकाला मी कॉरोनरच्या दारात ताटकळत बसलेला पाहिल्याचे आठवत नाही. नायकाने ताटकळणे हे आमच्या रहस्यकथेच्या प्रकृतीलाच मानवत नसावे.

यावर कोणी म्हणेल, ‘अहो, करमणुकीच्या गोष्टीत सिव्हिल सर्जनचे दप्तर कशाला?’ आक्षेप वाजवी आहे; पण त्याचे उत्तर या प्रकाराच्या मूळ पुरुषापाशीच मिळते. शेरलॉक होम्स जगासमोर प्रथम आला तो १८८७ साली ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये, आणि आला तो इस्पितळाच्या रासायनिक प्रयोगशाळेत. रक्ताचा डाग ओळखणारे रसायन सापडल्याच्या आनंदात तो जवळजवळ नाचत असतो. मेल्यानंतर अंगावर वळ उठतात की नाहीत हे पाहण्यासाठी हा गृहस्थ प्रेतांना काठीने बडवतो, अशी त्याची ख्याती त्याच्या आधी वाचकाच्या कानी येते. कॉनन डॉईल स्वतः डॉक्टर होता, एडिंबरोत शिकलेला. होम्सची निरीक्षणशक्ती त्याने आपले गुरू डॉ. जोसेफ बेल यांच्यावरून घेतली, हे पुष्कळांना ठाऊक असते. बेल यांच्याच गावात आणखी एक डॉक्टर होते, हेन्री लिटलजॉन. त्यांचेही ऋण डॉईलने मानले आहे. पण त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही.

हे लिटलजॉन एडिंबरोचे पोलिस सर्जन. १८६२ साली त्यांनाच त्या शहराचे पहिले आरोग्याधिकारीही नेमण्यात आले. म्हणजे सकाळी खुनाचे प्रेत तपासणारा आणि दुपारी गल्लीबोळांतली गटारे तपासणारा माणूस एकच. १८७८ मध्ये शांत्रेल नावाच्या एका फ्रेंच शिक्षकाची बायको बेशुद्ध सापडली. घरात दिव्याचा गॅस गळत होता, त्यानेच ती गेली, असे नवऱ्याचे म्हणणे. लिटलजॉनना बोलावले ते गॅसने झालेला अपघात पाहण्यासाठी. परंतु गॅसची लक्षणे जुळेनात. पुढे तिच्या कपड्यांवरच्या वांतीच्या डागांत अफू सापडली आणि नवरा फासावर गेला. हा झाला एक खून. याच डॉक्टरांनी १८६५ साली एडिंबरोच्या आरोग्यस्थितीचा मोठा अहवाल लिहून कोणत्या वस्तीत माणसे अधिक मरतात हे दाखवून दिले, आणि १८७९ पासून साथीच्या रोगांची खबर देणे त्या शहरात सक्तीचे झाले. अहवालाने वाचलेल्या माणसांची नावे कोणाला सांगता यावयाची नाहीत, म्हणूनच त्यांच्यावर कोणी गोष्ट लिहिली नाही. डॉईलने या गुरूचा अर्धा भाग उचलला आणि अर्धा तसाच ठेवून दिला. आम्ही डॉईलकडून उचलताना उरलेल्या अर्ध्यातलाही निम्मा टाकला.

उरलेल्या अर्ध्यात गोष्ट नाही, असे मात्र कोणी समजू नये. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याने माणसे पटापट मरू लागली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी जन्ममृत्यूच्या सरकारी कचेरीतून मृतांची यादी घेतली आणि ते घरोघर फिरले. बहुतेक मृत्यू एका पंपाच्या आसपासचे होते. पण दोन गोष्टी बसत नव्हत्या. पंपाजवळच्या दारूभट्टीतले कामगार ठणठणीत होते, आणि दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा मेली होती. चौकशीअंती कळले, की भट्टीतले लोक पंपाचे पाणी पीतच नसत. आणि त्या बाईला सोहोच्या त्या पंपाच्या पाण्याची गोडी होती, म्हणून ती ते मुद्दाम मागवीत असे. कोणत्याही गुप्तहेराला हेवा वाटावा असा हा पुरावा आहे. फरक एवढाच, की खुनी एक पंप निघाला आणि शिक्षा म्हणून त्याचा दांडा काढण्यात आला. ही सगळी करामत कशाच्या जोरावर? मृत्यूची नोंद करणाऱ्या एका कारकुनाच्या वहीच्या.

आता लंडन-एडिंबरो सोडून मी माझ्या गावी येतो. तुमसर हे तांदळाच्या गिरण्यांचे गाव. तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी, भोवती धानाच्या बांध्या. इथे कोणी अवचित गेला तर काय होते? ठाण्यात मर्ग दाखल होतो. हा आमच्या वऱ्हाड-झाडीपट्टीकडचा शब्द. इतरत्र त्याला अकस्मात मृत्यूची नोंद म्हणतात. १ जुलै २०२४ पासून हे काम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमाखाली चालते. त्यापूर्वी ते जुन्या संहितेच्या १७४ व्या कलमाखाली चाले. हवालदार पंच गोळा करून पंचनामा करतो, प्रेत उपजिल्हा रुग्णालयात जाते. विषाचा संशय असला तर डॉक्टर जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड असे अवयव मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवून बरण्या सीलबंद करतात. या ऐवजाला व्हिसेरा म्हणतात. एक शिपाई तो नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोचवतो, आणि मग सगळे वाट पाहतात. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद नव्या संहितेने केली आहे. तेव्हा अशा प्रयोगशाळांवरचा भार यापुढे वाढणारच आहे.

तोच मृत्यू दुसऱ्याही एका वहीत जातो. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत मृत्यू नोंदवावयाचा असतो आणि शेवटच्या दुखण्यात उपचार करणाऱ्या डॉक्टराने मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यावयाचा असतो. या वहीतून देश किती क्षयाने मरतो, किती सापाने, किती बाळंतपणात, हे कळावे अशी अपेक्षा. प्रत्यक्षात २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्क्यांनाच वैद्यकीय कारणाचा दाखला होता. बाकीच्यांचे कारण कोणत्याही डॉक्टराने लिहून दिलेले नाही.

जो दाखला मिळतो, त्याचीही वाङ्मयीन परीक्षा करावयास हरकत नाही. ‘हृदयक्रिया बंद पडून’ हे आपल्या गद्यातले सर्वांत पोकळ वाक्य आहे. हृदयक्रिया बंद पडल्यावाचून आजवर कोणी मेलेला नाही. मरण्याची रीत लिहू नका, मूळ कारण लिहा, असे दाखल्याच्या नियमांतच सांगितले आहे. तरीही हे वाक्य लिहिले जाते, आणि आपण घरचे लोकही ते निमूटपणे घेतो. कारण तो कागद आपल्याला बँकेसाठी आणि सातबाऱ्यासाठी हवा असतो. रहस्यकथेत कोणी असे उत्तर दिले तर आपण पुस्तक भिरकावून देऊ.

या उदासीनतेची किंमत काय पडते, हे सापाच्या उदाहरणाने सांगतो. होम्सच्या कथांत ‘द स्पेकल्ड बँड’ ही १८९२ ची कथा फार गाजलेली. तिच्यातला दुष्ट डॉक्टर हिंदुस्थानातून आणलेला साप घंटेच्या दोरीवरून खाली सोडतो, शीळ घालून परत बोलावतो आणि वर बक्षीस म्हणून दूध पाजतो. डॉक्टरी शिकलेल्या डॉईलची सापाविषयीची माहिती आमच्या नागपंचमीच्या पलीकडे गेली नव्हती, हे पाहून मला नेहमी गंमत वाटते. कथा छान, साप खोटा. पण २०२० मध्ये केरळात कोल्लम जिल्ह्यात एका नवऱ्याने खरोखरच नागाकरवी बायकोचा जीव घेतला. आधीच्या एका सर्पदंशातून ती सावरत होती; पुन्हा दंश झाला म्हणून माहेरच्यांना संशय आला. तपास करणाऱ्यांनी पुतळ्याच्या हाताला मांस बांधून त्यावर जिवंत नागाचा दंश करवला, आणि आपणहून केलेल्या व डोके दाबून करवलेल्या दंशांत दातांच्या खुणांमधले अंतर वेगळे येते, हे सिद्ध केले. ऑक्टोबर २०२१ मध्ये नवऱ्याला जन्मठेप झाली. हा खून उघडकीस आला, याचे कारण ‘साप चावला, नशीब तिचे’ एवढ्यावर कोणी समाधान मानले नाही.

आता याच सापाची दुसरी वही उघडा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसे, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, सर्पदंशाने गेली असावीत असा संशोधकांचा अंदाज आहे. ही माणसे इस्पितळांच्या नोंदींत सापडत नव्हती. घरोघर जाऊन, मेला तो कसा मेला हे विचारले, तेव्हा ती सापडली. स्नो यांचीच ही रीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सर्पदंशाची नोंद सक्तीची करा असे राज्यांना कळवले. रोवणीच्या दिवसांत बांधीत उतरणाऱ्या आमच्या बायाबापड्यांना ही बातमी कोणत्याही न्यायालयाच्या निकालाहून मोलाची आहे. कारण दंश कोठे किती होतात हे कळले, तरच प्रतिविषाची बाटली कोणत्या दवाखान्यात ठेवावयाची हे कळते. यवतमाळात २०१७ च्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर विषबाधेने दगावले, तेव्हाही अडचण हीच होती. एकेकटा मृत्यू अपघात वाटतो. मृत्यू एकाखाली एक लिहिले की मगच त्यांतला गुन्हा म्हणा, हलगर्जी म्हणा, दिसू लागते.

इतके झाल्यावर मला दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आरोग्याचे आणि पोलिसाचे काम एकमेकांना उपयोगी पडावे, याचा अर्थ आरोग्याने पोलिसाचा डगला चढवावा असा नव्हे. तो प्रयोग महाराष्ट्राने एकदा भोगलेला आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घरांत शिरले. रोगी हुडकणे हा आरोग्याचा धर्म. पण तो संगिनीच्या बळावर चालला, तेव्हा लोक रोगी लपवू लागले. रोगी लपला की रोग पसरला. २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, ती कथा आपण स्वातंत्र्याची कथा म्हणून सांगतो आणि तशी ती आहेच. मला तिच्यात आणखी एक धडा दिसतो. ज्या माणसाला आपण भितो त्याला आपण खरे सांगत नाही, आणि खरे न सांगितलेली वही न्यायाच्या कामाची नसते की औषधाच्या.

वही भीतीनेच बिघडते असेही नाही, बेपर्वाईनेही बिघडते. तुमसरच्या शेजारचा तालुका मोहाडी. तिथल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, प्रेते कालव्यात सापडली. पहिल्या शवविच्छेदनावर आक्षेप आले, पुरलेली प्रेते उकरून ते पुन्हा करावे लागले, आणि पोलिसांबरोबर वैद्यकीय अधिकाऱ्यांवरही निलंबनाची पाळी आली. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची सक्तमजुरी केली. निकाल लागला, परंतु पहिल्या दिवशी टेबलावर जे पाहावयास हवे होते ते पाहिले गेले नाही, तर नंतर कितीही मोठा अधिकारी आला तरी त्याला ते पाहता येत नाही. प्रेत एकदाच साक्ष देते. रहस्यकथेतला चतुर नायक शेवटच्या प्रकरणात सगळे सावरून घेतो, या खोट्या दिलाशाची मला म्हणूनच चीड येते.

आणि ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा तान्ही बाळे गेली. सात वाचवता आली. पोलिसांनी विचारले, जबाबदार कोण? तो विचारलाच पाहिजे. पण ‘पुढची आग कशी टळेल?’ हा दुसरा प्रश्न तितक्याच मोठ्याने विचारला गेला का? त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि अकरा रोगी दगावले. आपण पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की पुस्तक मिटतो, कारण रहस्यकथेने आपल्याला तेवढीच सवय लावली आहे: गुन्हेगार सापडला, गोष्ट संपली.

म्हणून आमच्या कथाकारांकडे माझे एक मागणे आहे. गुप्तहेर ठेवा, पाठलाग ठेवा, काळोखातले जिनेही ठेवा. फक्त एकदा त्या शिपायाच्या मागे जा, जो मांडीवर सीलबंद बरणी सांभाळीत तुमसर रोडच्या फलाटावर नागपूरच्या गाडीची वाट पाहत बसलेला असतो. बरणीत काय आहे हे त्याला ठाऊक असते, काय निघेल हे नसते. बांधीत पडलेल्या बाईला साप चावला असे सारे गाव म्हणत असते. प्रयोगशाळा म्हणते, साप नव्हे, फवारणीचे औषध. मग ते तिने घेतले, कोणी दिले, की झाकण नसलेल्या डब्यातून अंगात भिनले? आणि शेजारच्या गावात कालपासून दोघे ओकाऱ्या काढीत आहेत, ते कशाने? या एका बरणीतून पोलिसांची गोष्टही निघते आणि दवाखान्याचीही. ती लिहावयास झुंजारची गाडी लागत नाही; थोडा धीर आणि एखाद्या शवविच्छेदनगृहात घालवलेली एक दुपार पुरेल.

वाचकांकडेही एक मागणे आहे. सणाच्या दिवसांत मृत्यूचे नाव काढू नये असे वडीलधारी माणसे सांगतात आणि ते मी एरवी पाळतो. पण घरात कोणी जाईल तेव्हा दाखल्यावर कारणाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते एकदा वाचा. ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे असेल, तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा, ‘साहेब, ती कशाने बंद पडली?’ त्यांना राग यावयाचा नाही. चांगल्या डॉक्टराला हा प्रश्न आवडतो. गेलेला माणूस त्याने परत येत नाही, हे खरे. पण तो का गेला हे वहीत नीट उतरले, तर त्याच कारणाने जाणारा दुसरा कोणी तरी पुढच्या दिवाळीला घरी असण्याचा संभव वाढतो.